डावा झेंडा गप्प होता तेव्हा

माझ्याकडे पाहून कुणालाही वाटेल की हा दवाखान्यातला रक्तदाब मोजायचा पट्टा आहे. परवाच झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला उचललं आणि सरळ औषधांच्या पेटीत नेऊन ठेवलं. मित्रांनो, मी त्या पेटीतला नाही. मी एक जुना, थरथरणारा पट्टा आहे. फुटबॉलच्या सामन्यात मुख्य पंचाच्या दंडावर मला बांधत असत. दंडावर बांधतात म्हणून काही वात्रट मंडळी मला दंडपट्टा म्हणायची, पण मी आयुष्यात कधी कुणाला कापलं नाही. माझं काम साधं होतं. मैदानाच्या दोन्ही कडेच्या रेषांवर एकेक सहायक पंच झेंडा घेऊन उभा असतो. त्या झेंड्याच्या मुठीत एक बटण असतं. ते दाबलं की मी थरथरायचो आणि बारीक आवाज करायचो. मग पंचाला कळायचं, की पाठीमागून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. त्यांना त्या दिवशी सर्दी झाली होती. एका हातानं रुमाल सांभाळत त्यांनी मला स्वतःच्या दंडावर बांधून पाहिलं, शेजारणीला बटण दाबायला सांगितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, गुदगुल्या करतो की हा." माझ्याविषयी कुणी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

माझ्याबरोबर दोन झेंडे तयार झाले. आम्ही तिघं एका काळ्या डब्यात राहायचो, प्रत्येकाला आपापला खळगा होता. डाव्या झेंड्यानं हाक मारली की माझा आवाज एकच आणि लांब निघायचा. उजव्याची हाक म्हणजे दोन तुटक आवाज. सामना संपला की डब्यात पडल्या पडल्या आमच्या गप्पा चालायच्या. मी पंचाच्या दंडाची हकिगत सांगायचो, ते दोघं मुठीतल्या अंगठ्यांची. म्हणून मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे आणि निम्मं मला डाव्या झेंड्यानं सांगितलेलं आहे. तो खोटं बोलत नसे. त्याला ते जमायचंच नाही.

लीगच्या ऑफिसनं आम्हाला विकत घेतलं आणि एका पंचाच्या हवाली केलं. हा पंच बसच्या डेपोत टाइमकीपर होता, म्हणून सगळे त्याला टाइमकीपरच म्हणत. कोणती बस किती वाजून किती मिनिटांनी सुटली, हे दिवसभर लिहीत बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर यायचं, हेच त्याचं आयुष्य. दंड काटकुळा, पण नाडी घड्याळासारखी. नव्वद मिनिटं धावून झाल्यावरही ती फारशी बिघडत नसे. त्याच्या दंडावर मी सात वर्षं काढली. त्या वर्षांत माझं कौतुकही पुष्कळ झालं. दुसऱ्या गावचे पंच मला हातात घेऊन उलटसुलट बघायचे, बटण दाबून हसायचे. मीही जरा चढून गेलो होतो, हे कबूल करतो.

उजव्या रेषेवर एक पोस्टमन असे. गडी अबोल, पण पायाचा पक्का. डाव्या रेषेवर टाइमकीपरची मेव्हणी होती. टाइमकीपरच्या घरात बायकोला सगळे थोरली म्हणत आणि हिला धाकटी. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाएवढा ओरखडा तिला उजेडात न धरता दिसायचा. असा डोळा रेषेवर हवा, म्हणून टाइमकीपरनंच ऑफिसात तिचं नाव सुचवलं होतं. घरी ती त्याला भावोजी म्हणायची, त्याच्या चालण्याच्या नकला करायची, त्याच्या पानातला पापड उचलून खायची. मैदानावर मात्र तो सर आणि ती सहायक. पहिल्याच दिवशी त्यानं तिला बजावलं होतं, की इथे नातं बाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचं. ती हसली होती आणि हो म्हणाली होती.

पण लोकांना कुठे राहवतं? "घरचं माणूस आहे, सांभाळून घेणारच," असं एकदा कुणीतरी त्याच्या मागे बोललं आणि नेमकं त्याच्या कानावर गेलं. ते शब्द त्याच्या मनात घर करून बसले. तेव्हापासून तो धाकटीशी इतरांपेक्षा जरा जास्तच कडक वागू लागला. पोस्टमन चुकला तर हात हलवून सोडून द्यायचा. धाकटी चुकली तर भुवया वर जायच्या.

मित्रांनो, आता त्या चुकीकडे येतो.

फुटबॉलमध्ये ऑफसाइड नावाचा नियम आहे. साथीदारानं चेंडू मारला त्या क्षणी जर एखादा खेळाडू बचाव करणाऱ्यांच्या पलीकडे, गोलाजवळ जाऊन उभा असेल, तर तो ऑफसाइड. ते ओळखायचं काम कडेच्या सहायकाचं. त्यासाठी सहायकाला डोळे बचावपटूंच्या ओळीवर खिळवून ठेवावे लागतात. मात्र चेंडू रेषेबाहेरून हातानं आत फेकला असेल, म्हणजे थ्रो-इन असेल, तर ऑफसाइड धरत नाहीत. हे धाकटीला पाठ होतं. पण त्या दिवशी ती ओळीकडे इतकी टक लावून बघत होती, की चेंडू कुठून आला हे तिनं पाहिलंच नाही. हातानं फेकलेला चेंडू पुढे उभ्या असलेल्या खेळाडूला मिळाला, तो एकटाच गोलरक्षकासमोर धावत सुटला, आणि धाकटीनं झेंडा वर केला आणि बटण दाबलं. मी थरथरलो. टाइमकीपरनं शिट्टी वाजवली.

आता खरं सांगायचं तर तो थ्रो-इन टाइमकीपरच्या समोर, दहा पावलांवर झाला होता. त्यानं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मला विचार करता येत नाही, मी फक्त थरथरतो. विचार त्यानं करायचा होता. माझ्या थरथरीवर त्यानं शिट्टी फुंकली आणि पुढच्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं. त्याची नाडी मला लागली, एकदम उसळली. पण शिट्टी वाजल्यावर खेळ थांबला होता. हातातोंडाशी आलेला गोल गेला तो गेलाच.

तेव्हा त्यानं काय करावं? मैदानाच्या मधोमध उभं राहून त्यानं मी बांधलेला तोच हात लांब केला, धाकटीकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डोकं घरी ठेवून आलीस का?"

अख्खं मैदान हसलं. "काचवाले, आधी स्वतःला एक चष्मा कर," कुणीतरी ओरडलं, आणि तेच मग उरलेला वेळ चालू राहिलं. धाकटी रेषेवर ताठ उभी होती. सामना संपल्यावर तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. अहवालात त्यानं लिहिलं, की सहायकाच्या चुकीमुळे गोलाची संधी हुकली. स्वतः पाहिलेल्या थ्रो-इनबद्दल त्यात ओळ नव्हती. लीगच्या ऑफिसात म्हणे त्याची वाहवा झाली, की मेव्हणी असूनही भीडभाड ठेवली नाही. मलाही त्या दिवशी त्याचा अभिमानच वाटला. मूर्ख होतो मी.

त्यानंतर डावा झेंडा गप्प झाला.

सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. पोस्टमनचे दोन तुटक आवाज यायचे, माझं काम चालू होतं. मग मला जाणवलं, की सबंध सामन्यात लांब आवाज एकदाही निघालेला नाही. पुढच्या सामन्यातही नाही. धाकटी धावत होती, चेंडू रेषेबाहेर गेला की झेंडा दाखवत होती, कुणीही सांगेल असं सगळं दाखवत होती. पण जिथे स्वतः ठरवायचं असतं, तिथे काहीच नाही. मी डब्यात डाव्या झेंड्याला विचारलं, की बाबा तुझं बटण बिघडलंय का? तो म्हणाला, "बटण ठीक आहे. अंगठा येतो, बटणावर टेकतो आणि परत जातो." असे सहा सामने गेले. घरी येणं तर तिनं केव्हाच बंद केलं होतं. दुकानात काम फार आहे, एवढंच सांगायची.

टाइमकीपर मात्र खूश होता. एकदा घरी बुटाच्या नाड्या बांधताना तो थोरलीला म्हणाला, की धाकटी आता शहाणी झाली, उगाच बटण दाबत नाही. थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"शहाणी झाली की भ्याली, ते तिला विचारलंत का कधी?"

"मैदानातलं घरात नको," तो म्हणाला, आणि आमचा डबा उचलून बाहेर पडला.

त्या दिवशी उपांत्य सामना होता. पांढऱ्या शर्टाचा संघ आणि निळ्या शर्टाचा संघ. जिंकेल तो अंतिम सामन्यात जाणार, आणि हा सामना चांगला झाला तर अंतिम सामन्याचा पंच टाइमकीपरच होणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. लीगचे निरीक्षक वही घेऊन गॅलरीत बसले होते. आदल्या दिवशी पाण्याची नळी फुटून मैदानाचा डावा काठ चिखलानं भरला होता.

कपडे बदलायच्या खोलीत टाइमकीपरनं नेहमीच्या सूचना दिल्या. पोस्टमननं मान हलवली. धाकटीनं झेंडा गुंडाळत विचारलं, "सर, खात्री नसेल तर?"

"खात्री नसेल तर दाबायचं कशाला?" तो म्हणाला आणि मला दंडावर आवळून बांधू लागला. त्या दिवशी त्यानं मला गरजेपेक्षा जास्त आवळलं होतं.

सत्तर मिनिटं झाली तरी गोल झाला नव्हता. गॅलरीतली माणसं उभी राहून बघत होती. मग पांढऱ्यांना एकदम वाट सापडली आणि सगळा खेळ निळ्यांच्या गोलासमोर सरकला. टाइमकीपर त्यांच्यामागे जीव खाऊन धावला. त्याची पाठ डाव्या रेषेकडे होती. पांढऱ्यांनी एकदा चेंडू मारला, तो खांबाला लागून परत आला. पुन्हा मारला, गोलरक्षकानं ढकलला. पायांच्या गर्दीत चेंडू अडकला होता आणि आता गोल होणार, हे उघड दिसत होतं. हजारभर माणसांचे डोळे तिकडे लागले होते. पोस्टमनचेही, टाइमकीपरचेही.

त्या वेळी मैदानाच्या मागच्या भागात, चिखलाच्या कडेला, तीनच माणसं उरली होती. पांढऱ्यांचे दोन उंच बचावपटू आणि निळ्यांचा एक आघाडीचा खेळाडू. त्यांच्याकडे बघणारे डोळे दोनच होते, धाकटीचे. पांढऱ्यांमधल्या एकानं मागे वळून कुणी बघत नाही याची खात्री केली आणि निळ्याच्या कानशिलावर कोपर हाणलं. निळा आवाज न करता कोसळला. तोंड खाली, चिखलात. मारणारा पाठ करून तिथून चालता झाला.

पुढचं मला डाव्या झेंड्यानं सांगितलं. अंगठा लगेच बटणावर आला आणि थांबला. समोर गोल होऊ घातलाय. आत्ता दाबलं आणि शिट्टी वाजली, तर पांढऱ्यांचा गोल जाणार. कोपर खरंच लागलं का? की तो नुसता घसरला? तो उठेल आत्ता. एक सेकंद गेला, दोन गेले. चार गेले. तो उठला नाही. हात हलला नाही. अंगठा घामानं ओला झाला होता. झेंडा म्हणाला, "मला तिच्या मुठीत तिचं काळीज लागत होतं." सात. नऊ. मी इकडे टाइमकीपरच्या दंडावर, काही न कळता, चेंडूकडे बघणाऱ्या माणसाच्या घामात भिजत होतो. मित्रांनो, बटण दाबलं नाही तर माझ्यात आणि रुमालात काही फरक नाही.

बाराव्या सेकंदाला तिनं दाबलं. दाबलं आणि सोडलंच नाही.

माझ्या अंगातून असा लांब आवाज आजवर निघाला नव्हता. टाइमकीपर दचकला. त्याच क्षणी पांढऱ्यांच्या एका खेळाडूपुढे चेंडू मोकळा झाला होता. मला टाइमकीपरच्या नाडीवरून कळलं, की त्याच्या मनात काय आलं असेल. पुन्हा काहीतरी घोटाळा केला हिनं. तो वळला नाही. मी थरथरत राहिलो. तो तरी वळेना. मी असा थरथरलो, की माझ्या तारा तुटतील असं वाटलं. मग त्यानं मान फिरवली. धाकटी झेंडा गरागरा फिरवत रेषेच्या आत धावत येत होती आणि तिच्यापुढे चिखलात एक माणूस पालथा पडला होता.

शिट्टी वाजली. चेंडू गोलात गेला तो शिट्टीनंतर. पांढऱ्यांच्या गॅलरीनं जो कल्लोळ केला, तो शब्दांत सांगता येणार नाही.

निळ्यांचा डॉक्टर धावत आला. त्यानं पडलेल्याला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून चिखल काढला. कितीतरी वेळ काही झालं नाही. धाकटी गुडघ्यांवर बसली होती. मग त्या माणसाला मोठा खोकला आला. डॉक्टरनं वर न बघता विचारलं, की हा असा किती वेळ पडला होता? धाकटी म्हणाली, मी बटण दाबेपर्यंतच बारा सेकंद. डॉक्टर म्हणाला, "आणखी थोडा वेळ गेला असता, तर मला काही करता आलं नसतं." पडलेल्या खेळाडूला स्ट्रेचरवर घालून नेलं. जाताना त्यानं डोळे उघडले होते.

टाइमकीपर तिच्याजवळ गेला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "बारा सेकंद? दाबलं का नाहीस?"

तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं. "मागे दाबलं होतं, सर. तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवतंय ना?"

मी तिथेच होतो, मला कळलं. त्याला तिथून लवकर निघून जायचं होतं, म्हणून त्यानं घाईघाईनं एवढंच विचारलं, की कोण होता? तिनं डोळ्यांपुढे आणलं. पाठ, चिखल, चारचा आकडा. "चार नंबर," ती म्हणाली. चेहरा पाहिलास का, नक्की चारच का, हे त्यानं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझ्या मते त्या दिवसाची दुसरी चूक ही होती, आणि ती धाकटीच्या आधी त्याची होती.

पांढऱ्यांच्या चार नंबरला लाल कार्ड मिळालं. तो बिचारा तोंड उघडं टाकून उभाच राहिला. आपण काही केलंच नाही, हे त्यानं हात जोडून सांगितलं. लाल कार्ड म्हणजे हा सामना संपलाच, आणि संघ जिंकला तरी अंतिम सामन्यात बाहेर बसायचं. त्याच्या संघातला चौदा नंबर मात्र लांब जाऊन उगाच मोजे वर ओढत होता.

चार नंबर डाव्या रेषेच्या कडेनं दरवाजाकडे निघाला. धाकटीच्या समोरून गेला. तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि तो पुढे गेल्यावर त्याची पाठ तिला दिसली. पाठ स्वच्छ होती. मधोमध चारचा आकडा, आणि चिखलाचा एक ठिपकासुद्धा नाही. तिनं पाहिलेल्या पाठीवर डावीकडे चिखलाचं लिंपण होतं आणि चार उजव्या बाजूला होता.

डावा झेंडा म्हणाला, की त्या क्षणी अंगठा पुन्हा बटणावर आला.

निळ्यांनी चेंडू जागेवर ठेवला होता. टाइमकीपरनं शिट्टी ओठांत धरली होती. मित्रांनो, नियम असा आहे, की खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच पंचाला निर्णय बदलता येतो. शिट्टी वाजली, चेंडू हलला, की झालेलं कार्ड कायम. गेलेला माणूस परत बोलवता येत नाही. म्हणजे धाकटीजवळ एका श्वासाएवढाच वेळ होता. आणि या वेळी तिला दुसऱ्याचा गुन्हा दाखवायचा नव्हता. हजार माणसांसमोर, आधीच चिडलेल्या त्या गॅलरीसमोर, वही उघडून बसलेल्या निरीक्षकांसमोर, मी चुकले असं सांगायचं होतं. तेही ज्यानं बोट दाखवून हसं केलं त्याला.

गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मारणारा सांगणार नव्हता. चार नंबरचं कुणी ऐकणार नव्हतं.

टाइमकीपरनं छातीत हवा भरून घेतली. तेवढ्यात मी थरथरलो. अगदी हलकं, अगदी थोडं. इतकं की गॅलरीच्या आवाजात त्याला माझा आवाज ऐकूही आला नसेल, फक्त कातडीला लागलं असेल.

त्याची शिट्टी ओठांतच राहिली. निळ्यांचा खेळाडू पाय मागे घेऊन तयार होता. पांढऱ्यांचा कप्तान ओरडत होता, की चालू करा आता, किती वेळ. पुन्हा तिच्याकडे गेलं, तर पंचाला स्वतःचं काही कळत नाही, असं गॅलरी म्हणणार. निरीक्षक वहीत उतरवणार. अंतिम सामना हातचा जाणार. हे सगळं त्याला कळत होतं, त्याची नाडी मला सांगत होती. मी थरथरलोच नाही असं दाखवणं त्याला सोपं होतं. मी किती जोरात हललो, हे त्याच्यावाचून कुणाला माहीत होतं?

त्यानं शिट्टी खाली घेतली, हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तो डाव्या रेषेकडे धावत गेला. बोट दाखवून नाही, हाक मारून नाही. गॅलरीकडे पाठ करून तो तिच्यासमोर असा उभा राहिला, की तिचा चेहरा कुणाला दिसू नये.

"सांग."

"माझी चूक झाली. चार नव्हता. त्याची पाठ स्वच्छ आहे."

या वेळी त्यानं घाई केली नाही. "मग कोण?"

"चौदा. त्याच्या एकावर चिखल बसलाय, म्हणून मला चार दिसला. आत्ता बघा, अजून तसाच आहे."

त्यानं बघितलं. चौदा नंबर पाठमोरा होता. एकाच्या आकड्यावर चिखल तसाच होता.

"बरं झालं दाबलंस," टाइमकीपर म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

दरवाजाजवळ पोहोचलेल्या चार नंबरला त्यानं स्वतः धावत जाऊन परत आणलं. सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाला, की चूक माझी, कार्ड मागे घेतो, माफ करा. चार नंबर म्हणाला, "म्हणजे खेळू मी?" आणि शर्टाला डोळे पुसत मैदानात पळाला. चौदा नंबरला लाल कार्ड दाखवल्यावर तो भांडलासुद्धा नाही. पांढऱ्यांचा कप्तान मात्र पेटला होता. धाकटीकडे हात करून तो म्हणाला, की ही आज चार म्हणते, उद्या चाळीस म्हणेल.

टाइमकीपर त्याच्या आणि धाकटीच्या मधे उभा राहिला. "तिला काही बोलायचं नाही. कार्ड मी दाखवलं होतं. बोलायचं असेल ते मला बोला."

गॅलरी त्याला बोलली. वीस मिनिटं, सामना संपेपर्यंत बोलली. त्याच्या चालण्यावर बोलली, डेपोवर बोलली, आईबापांवर बोलली. त्या वीस मिनिटांत डाव्या झेंड्यानं मला तीन वेळा हाक मारली. तिन्ही हाका ठणठणीत होत्या. त्यातली एक चुकीची होती. टाइमकीपरनं तिच्याकडे बघून अंगठा वर केला, उघड्या हातानं झेंडा खाली घे अशी खूण केली आणि खेळ चालू ठेवला. पुढच्या मिनिटाला तिनं पुन्हा दाबलं, आणि ती हाक बरोबर होती.

टाइमकीपर अहवाल लिहीत होता तेव्हा मी टेबलावरच होतो. सहायकांच्या कामाबद्दल लिहायच्या जागेत त्यानं लिहिलं, की डाव्या सहायकानं स्वतःची चूक खेळ सुरू होण्याआधी सांगितली, त्यामुळे निरपराध खेळाडू वाचला. खाली त्यानं आणखी लिहिलं. आधीची बारा सेकंदांची दिरंगाई झाली, तिला मी जबाबदार आहे, कारण मागच्या एका सामन्यात मी या सहायकाचा चारचौघांत अपमान केला होता, आणि त्या दिवशीची चूक मीही केली होती. निरीक्षकांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, की हे लिहायलाच हवं का? तो म्हणाला, हवं.

अंतिम सामना त्याला मिळाला नाही. एवढा गोंधळ झालेल्या पंचाला कोण देणार? मी दुसऱ्याच एका पंचाच्या दंडावर गेलो. डाव्या रेषेवर मात्र धाकटीलाच नेमलं होतं. टाइमकीपर आणि थोरली गॅलरीत बसून बघत होते. माझा नवा पंच सामन्याआधी धाकटीला म्हणाला, की मला चुका चालत नाहीत. ती म्हणाली, "चुका होतील, सर. मी सांगेन." तो गडबडला.

पुढे कानात घालायची यंत्रं आली. आता पंच आणि सहायक एकमेकांशी चालता चालता बोलतात. आमची गरज संपली. दोन्ही झेंडे कुणीतरी नेले, कुठे गेले माहीत नाही. त्यांची फार आठवण येते. मी ऑफिसच्या खणात असतो, पोटात जुना सेल गळून तारा हिरव्या पडल्या आहेत. मित्रांनो, बंद ठेवायच्या वस्तूतला सेल आधी काढून ठेवा, एवढं कराल तर माझ्यासारख्या कित्येकांचे जीव वाचतील.

आणि आणखी एक मागणं आहे. उद्या तुम्ही कप्तान व्हाल, वर्गाचे मॉनिटर व्हाल, साहेब व्हाल, कुणाचे थोरले भाऊ किंवा ताई तर आत्ताच असाल. तुमच्या हाताखालचं माणूस चुकेल. तेव्हा त्याला लांबून बोट दाखवू नका. उठून त्याच्याजवळ जा, लोकांकडे पाठ करा आणि मग विचारा. जो रागावतो त्याच्या हाताखालच्या माणसांच्या चुका थांबत नाहीत, फक्त त्याला त्या कळणं थांबतं. निळ्यांचा तो आघाडीचा खेळाडू आज चालतो, बोलतो, खेळतो. पण डाव्या कानानं त्याला आता काही ऐकू येत नाही. कोपरामुळे की त्या बारा सेकंदांमुळे, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. टाइमकीपर अजून दर महिन्याला त्याला भेटायला जातो, आणि बोलायला त्याच्या उजव्या बाजूला बसतो.